विखुरलेल्या अक्षरांतून शब्द

ए, सी, डी, ई, आय, एन, ओ, टी आणि यू ही नऊ इंग्रजी अक्षरे कोणी आपल्यासमोर ठेवली आणि ‘ह्या सर्वांचा उपयोग करून एक अर्थपूर्ण शब्द तयार करा’ असे सांगितले, तर आपण काय करू? बहुतेक जण अक्षरे मनातल्या मनात मागेपुढे हलवून पाहतील, दोनचार वेळा निराश होतील आणि अखेर ‘आपले इंग्रजी कच्चे आहे’ असे म्हणून कागद बाजूस सारतील. वस्तुतः ह्या नऊ अक्षरांत दडलेला शब्द आपल्या नित्य परिचयाचा आहे. शाळेच्या कितीतरी कागदपत्रांवर तो छापलेला असतो. तेव्हा अडचण शब्द ठाऊक नसण्याची नव्हे. तो शोधावा कसा हे ठाऊक नसण्याची आहे. (येथे इंग्रजी अक्षरांची नावे देवनागरीत दिली आहेत. वाचताना ती वहीच्या पानावर इंग्रजी लिपीत उतरवून घेतली, तर पुढील विवेचन सहज ध्यानात येईल.)

प्रथम ह्या कामाचा पसारा किती आहे ते पाहू. नऊ निरनिराळी अक्षरे एका ओळीत मांडावयाची आहेत. पहिल्या जागी नवांपैकी कोणतेही अक्षर येऊ शकते, दुसऱ्या जागी उरलेल्या आठांपैकी, तिसऱ्या जागी सातांपैकी. असे करीत शेवटपर्यंत गेले म्हणजे एकंदर ३,६२,८८० मांडण्या होतात. एका सेकंदाला एक मांडणी लिहून काढणारा लेखनिक मिळाला आणि त्याने जेवणझोप सोडून काम चालविले, तरी त्यास चार दिवसांहून अधिक काळ लागेल. एवढ्या ढिगाऱ्यातून नित्य वापरातले शब्द निघावयाचे ते फक्त तीन! नुसते चाचपडत राहिल्याने शब्द का सापडत नाही, हे ह्यावरून कळून येईल.

आता दुसऱ्या रीतीने पाहू. इंग्रजीत हजारो नामे टी, आय, ओ, एन ह्या चार अक्षरांनी संपतात. ‘नेशन’, ‘स्टेशन’, ‘रिलेशन’ हे शब्द कोणास माहीत नाहीत? आपल्याजवळच्या नऊ अक्षरांत ही चारही अक्षरे आहेत. ती त्याच क्रमाने बाजूला काढून शेवटी ठेवू. उरली ए, सी, डी, ई आणि यू ही पाच. पाच अक्षरांच्या मांडण्या होतात अवघ्या १२०. वरील तीनही शब्दांत ह्या प्रत्ययाच्या लगेच आधी ए हे अक्षर आले आहे, असेही ज्याच्या लक्षात येईल, तो ए सुद्धा त्या शेपटीला जोडील. मग उरतील चार अक्षरे आणि त्यांच्या २४ मांडण्या. त्या एका पानावर मावतात. ई, डी, यू, सी ही मांडणी दृष्टीस पडताच ‘एज्युकेशन’ हा शब्द आपोआप पुरा होतो. साडेतीन लाखांहून अधिक मांडण्यांचे काम चोवीसांवर आले, ते केवळ एका प्रत्ययाच्या ओळखीमुळे.

परंतु येथेच थांबण्याचे कारण नाही. ह्या अक्षरांत ई आणि डी हीसुद्धा आहेत आणि इंग्रजी क्रियापदांचा भूतकाळ बहुधा ह्या जोडीने होतो. तेव्हा ही जोडी शेवटी ठेवून, तिच्या आधी आय, ओ, एन ही अक्षरे ठेवून पाहिली, तर उरतात ए, सी, टी, यू ही चार. पुन्हा चोवीसच मांडण्या. पण आता त्यांतून दोन निराळे शब्द निघतात. एक ‘ऑक्शन्ड’, म्हणजे लिलाव केलेला; आणि दुसरा ‘कॉशन्ड’, म्हणजे सावध केलेला. पहिल्या शब्दातील तिसऱ्या जागेवरचा सी उचलून अगदी आरंभी ठेवला की दुसरा शब्द तयार होतो. शिक्षण, लिलाव आणि ताकीद ह्या तीन गोष्टी एकाच मूठभर अक्षरांत नांदाव्यात, ही मौज खरीच.

प्रत्ययांचा हा उपाय इतका गुणकारी का ठरतो, ह्याचे उत्तर इंग्रजी भाषेच्या इतिहासात आहे. घर, भाकरी, पाणी, आई ह्यांना इंग्रजीत असलेले ‘हाउस’, ‘ब्रेड’, ‘वॉटर’, ‘मदर’ हे शब्द त्या भाषेच्या मूळच्या घरातले आणि आखूड आहेत. परंतु १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि राजदरबाराची भाषा दीर्घकाळ फ्रेंच झाली. पुढे विद्वानांनी लॅटिन व ग्रीक ह्या भाषांतूनही भराभर शब्द घेतले. हे नवे शब्द आले ते आपल्याबरोबर उपसर्ग आणि प्रत्यय घेऊनच आले. त्यामुळे इंग्रजीतील लांब शब्द बहुधा एकसंध नसतो. तो विटांच्या भिंतीसारखा जोडीत जोडीत वाढविलेला असतो. आपल्या ‘अपरिहार्यता’ ह्या शब्दात अ, परि, हार्य आणि ता असे तुकडे पडतात, तसाच हा प्रकार होय. मराठी विद्यार्थ्यास तो नवा वाटू नये.

एका उदाहरणावरून ही जोडणी पाहण्यासारखी आहे. ‘क्वेश्चन’ हा आठ अक्षरांचा शब्द घ्या. त्यास ‘एबल’ हा प्रत्यय लावला की बारा अक्षरांचा ‘क्वेश्चनेबल’, म्हणजे शंकास्पद, असा शब्द झाला. त्याच्यामागे ‘अन्’ हा नकारार्थी उपसर्ग जोडला की चौदा अक्षरे झाली. मग शेवटच्या ई ऐवजी वाय केला की ‘अन्क्वेश्चनेब्ली’, म्हणजे निःसंशयपणे, हे क्रियाविशेषण तयार! ह्या शेवटच्या शब्दात ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर आहेत आणि वायसुद्धा आहे. ‘ज्यात सर्व स्वर आहेत असा लांब शब्द सांगा’ असा प्रश्न कोणी घातला, तर हे उत्तर देता येईल.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. अक्षरे देऊन शब्द मागण्याचे प्रकार दोन आहेत. पहिल्या प्रकारात दिलेली सर्व अक्षरे वापरावयाची आणि बाहेरचे एकही घ्यावयाचे नाही. आरंभीचा प्रश्न त्या जातीचा होता. दुसऱ्या प्रकारात दिलेली अक्षरे शब्दात असली म्हणजे पुरे. बाहेरची हवी तितकी घेता येतात आणि शब्द जितका लांब तितका चांगला. वरवर पाहता दुसरा प्रकार सोपा वाटतो. पण मुभा जास्त असली की वाटाही जास्त फुटतात, आणि शोधणारा गोंधळतो. अशा वेळी दिलेल्यांपैकी जे अक्षर भाषेत सर्वांत दुर्मिळ असेल तेथून आरंभ करावा. समजा, एक्स आणि क्यू ही दोन्ही अक्षरे असलेला शब्द हवा आहे. क्यूच्या मागोमाग जवळजवळ नेहमीच यू येतो. म्हणजे एक अक्षर न मागता मिळाले. एक्स हे अक्षर ‘बाहेर’ अशा अर्थाच्या ‘एक्स’ ह्या लॅटिन उपसर्गाबरोबर पुष्कळ वेळा येते. तेव्हा त्यापूर्वी ई असण्याचा संभव मोठा. ई, एक्स, क्यू, यू अशी चार अक्षरे ओळीने मांडली की ज्याने थोडेबहुत इंग्रजी वाचले आहे त्याच्या ओठावर ‘एक्स्क्विझिट’, म्हणजे अतिसुंदर, हा नऊ अक्षरांचा शब्द येतो. त्यास ‘नेस’ हा भाववाचक प्रत्यय लावला की झाली तेरा अक्षरे. दुर्मिळ अक्षरांना लोक भितात. पण शोधणाऱ्याचे खरे साहाय्यकर्ते तेच. ई किंवा टी कोणत्याही शब्दात सापडतात, म्हणून ते आपल्याला वाट दाखवीत नाहीत.

कोणते अक्षर किती वेळा येते ह्याची मोजदाद फार पूर्वीपासून झालेली आहे. सॅम्युएल मोर्स आणि त्यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल हे तारायंत्राची सांकेतिक लिपी तयार करीत होते, तेव्हा कोणत्या अक्षरास आखूड खूण द्यावी असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्या काळी शिशाचे खिळे जुळवून मजकूर छापीत असत. जे अक्षर अधिक लागते त्याचे खिळे छापखान्यात अधिक ठेवावे लागणार, हे उघड आहे. त्यांनी पुस्तके चाळीत न बसता हे खिळेच मोजले. ई सर्वांत अधिक निघाले, म्हणून ई ह्या अक्षरासाठी केवळ एक बिंदू ठरला. क्यू ह्या अक्षरासाठी मात्र तीन रेषा व एक बिंदू खर्ची पडतात.

पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी अशीच मोजणी एका बेकार झालेल्या माणसाने केली. १९२९ नंतर अमेरिकेत महामंदी आली, त्या काळात आल्फ्रेड बट्स ह्या वास्तुशिल्पकाराचे काम सुटले. हाताशी वेळ भरपूर आणि मिळकत नाही, अशा स्थितीत त्यांनी शब्दांचा एक खेळ रचण्याचे मनात घेतले. त्यासाठी वर्तमानपत्रांची पाने घेऊन कोणते अक्षर किती वेळा आले आहे, हे ते मोजीत बसले. ह्या मोजणीतून ‘स्क्रॅबल’ ह्या खेळाच्या शंभर सोंगट्या ठरल्या. त्यांत ई बारा आहेत, ए आणि आय प्रत्येकी नऊ, आणि जे, के, क्यू, एक्स, झेड हे एकेकच. ई लावून एक गुण मिळतो, तर क्यू किंवा झेड लावून दहा. एस हे अक्षर भाषेत विपुल असूनही त्याच्या सोंगट्या चारच ठेवल्या आहेत. कारण कोणत्याही नामास एस लावून अनेकवचन करता आले असते आणि खेळात काही राम उरला नसता. खेळण्यांच्या कारखानदारांनी हा खेळ आरंभी नाकारला. जेम्स ब्रुनो ह्यांनी १९४८ मध्ये त्यास आज प्रसिद्ध असलेले नाव दिले आणि मग तो हळूहळू देशोदेशी पोहोचला. खेळाडूच्या हाती एका वेळी सात सोंगट्या असतात. त्या सातही एकाच डावात लावणाऱ्यास पन्नास गुण अधिक मिळतात. लांब शब्द शोधण्याची विद्या तेथे अशी रोखीने उपयोगी पडते.

मुरलेले खेळाडू आपल्या सोंगट्या पुष्कळदा प्रथम वर्णानुक्रमाने लावून ठेवतात. आरंभी दिलेली आपली नऊ अक्षरेही त्याच क्रमाने होती, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलेच असेल. असे केल्याने काय साधते? एकाच अक्षरसमूहाची मांडणी हरघडी बदलत राहिली, तर तो समूह ओळखीचा होत नाही. वर्णानुक्रमाने लावला की त्याला एक कायमचा चेहरा मिळतो. ‘एज्युकेशन’, ‘ऑक्शन्ड’ आणि ‘कॉशन्ड’ ह्या तिघांची अक्षरे क्रमाने लावा. तिन्ही वेळा ए, सी, डी, ई, आय, एन, ओ, टी, यू हीच ओळ निघेल. जणू तिन्ही भावांचे आडनाव एक.

गंमत अशी, की हीच वर्णानुक्रमाची मांडणी एका शास्त्रज्ञाने शब्द लपविण्यासाठी वापरली होती. रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञास स्प्रिंगच्या ताणासंबंधीचा एक नियम सापडला होता. तो लगेच उघड करण्याची त्याची इच्छा नव्हती; पण दुसऱ्या कोणी मागाहून तोच नियम आपला म्हणून सांगितला, तर काय करावे अशी भीतीही होती. त्याने १६७६ मध्ये एका पुस्तकाच्या अखेरीस सी, ई, आय, आय, आय, एन, ओ, एस, एस, एस, टी, टी, यू, व्ही अशी चौदा अक्षरे छापून टाकली. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्याने त्यांचा उलगडा केला. ते एक लॅटिन वाक्य होते आणि त्याचा आशय असा, की जितका ताण तितके बल. शोधाचा मान हूकलाच मिळाला. आजही पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत तो नियम त्याच्या नावाने शिकविला जातो. अक्षरे क्रमाने लावल्यामुळे मूळ वाक्याचा कसलाही मागमूस उरला नव्हता. आणि तरीही प्रत्येक अक्षर जागच्या जागी मोजून घेता येत होते. कुलूपही तेच आणि पुरावाही तोच.

आजचा संगणक हे काम करतो ते ह्याच मार्गाने. त्याच्याजवळ दोनतीन लाख शब्दांची यादी असते. प्रत्येक शब्दाची अक्षरे तो एकदा वर्णानुक्रमाने लावतो आणि त्या ओळीखाली तो शब्द नोंदवून ठेवतो. नेहमीच्या शब्दकोशात शब्दावरून अर्थ शोधतात. ह्या नव्या कोशात अक्षरांच्या ओळीवरून शब्द शोधावयाचा. आपण नऊ अक्षरे कशीही विस्कटून दिली, तरी संगणक ती क्रमाने लावतो, कोशातले तेवढे एकच पान उघडतो आणि तेथील तिन्ही शब्द आपल्यापुढे ठेवतो. साडेतीन लाख मांडण्यांच्या वाटेस तो जातच नाही. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नात मात्र त्याला सारी यादी चाळावी लागते. ज्या शब्दात दिलेल्यांपैकी एखादे अक्षर नाही तो शब्द गाळावयाचा आणि जे उरतील ते लांबीप्रमाणे लावावयाचे, इतकेच ते काम आहे. पापणी लवते न लवते तोच ते उरकते. त्यात बुद्धीचा भाग रीत शोधून काढणाऱ्याचा. यंत्राकडे आहे तो केवळ वेग.

माणसालाही निव्वळ स्मरणाच्या बळावर असे करता येते काय? न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स ह्यांनी २०१५ मध्ये फ्रेंच भाषेतील स्क्रॅबलचे जागतिक अजिंक्यपद मिळविले, आणि विशेष हे, की त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते! त्यांनी फ्रेंच शब्दांची यादीच पाठ केली होती. शब्द ठाऊक, पण त्याचा अर्थ ठाऊक नाही, अशी ही विलक्षण विद्या आहे. अशा असामान्य स्मरणशक्तीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. तथापि ती वाट सर्वांची नव्हे. ज्याला इंग्रजी वाचून समजावयाचे आहे, त्याने शब्द तुकड्यांनी ओळखावा हेच बरे. कारण तुकडा ओळखला की वर्णलेखन आणि अर्थ ही दोन्ही एकदमच पदरात पडतात. अठ्ठावीस अक्षरांच्या ‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम’ ह्या शब्दाला पाहून धडकी भरते खरी. पण त्यात ‘एस्टॅब्लिश’, म्हणजे प्रस्थापित करणे, हे ओळखीचे क्रियापद मध्यभागी बसले आहे. मागे ‘डिस’ आणि ‘अँटि’ असे दोन विरोध, पुढे ‘मेंट’, ‘एरिअन’ आणि ‘इझम’ असे तीन प्रत्यय. राज्याने मान्य केलेल्या धर्मसंस्थेचा तो दर्जा काढून घेऊ नये, असे म्हणणाऱ्यांचे मत, हा त्याचा अर्थ. आयर्लंडमधील अशा धर्मसंस्थेचा दर्जा १८६९ च्या कायद्याने काढून घेतला गेला, त्यापूर्वी ह्या विषयावर इंग्लंडात मोठे वादंग माजले होते. सहा तुकडे लक्षात ठेवणाऱ्यास अठ्ठावीस अक्षरे पाठ करावी लागत नाहीत.

मात्र लांबीच्या मोहाने फसू नये. इंग्रजी कोशांत पंचेचाळीस अक्षरांचा एक शब्द आढळतो: ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस’. ज्वालामुखीची अतिसूक्ष्म धूळ छातीत जाऊन होणारा फुप्फुसाचा रोग, असा त्याचा अर्थ देतात. हा शब्द वैद्यांनी केलेला नाही. अमेरिकेतील कोडी सोडविणाऱ्यांच्या एका मंडळात, १९३५ मध्ये, सर्वांत लांब शब्द हवा म्हणून तो मुद्दाम जुळविण्यात आला. दगडाच्या खाणीत वर्षानुवर्षे धूळ गिळून ज्यांची छाती निकामी होते, त्या कामगारांच्या रोगाला डॉक्टर नऊ अक्षरांचा ‘सिलिकोसिस’ हा शब्द लावतात. खऱ्या दुखण्याला तेवढा पुरतो.

प्रत्ययांची रीत सर्वत्र लागू पडते असेही नाही. ‘स्ट्रेंग्थ्स’ ह्या शब्दाच्या इंग्रजी वर्णलेखनात नऊ अक्षरे आहेत आणि स्वर एकच. तेथे व्यंजनांच्या जुळण्याच ओळखाव्या लागतात. स्वरांच्याही नाना तऱ्हा आहेत. ‘फसीशस’, म्हणजे थट्टेखोर, ह्या शब्दात पाचही स्वर ए, ई, आय, ओ, यू अशा आपल्या मूळ क्रमाने येतात. आणि ‘सबकॉन्टिनेंटल’ ह्या चौदा अक्षरी शब्दात तेच पाच स्वर नेमके उलट्या क्रमाने येतात. हा शब्द भारतीय उपखंडाविषयी लिहिताना नेहमी वापरतात. म्हणजे तो आपल्याच भूमीचे विशेषण ठरला आहे.

आता वाचकांच्या हाती आठ अक्षरे देतो: ए, ई, जी, आय, एल, एन, आर, टी. ह्यांच्या मांडण्या ४०,३२० होतात. त्या लिहीत बसू नये. ह्या अक्षरांतून निदान पाच शब्द निघतात. तिघांच्या शेवटी आय, एन, जी हा प्रत्यय आहे. राहिलेल्या दोघांपैकी एक भूमितीच्या वर्गात फळ्यावर रोज काढला जातो आणि दुसरा वरच्या इयत्तांच्या गणितात भेटतो.